सोलच्या चिठ्ठ्या

शब्दकोशाच्या कचेरीत त्यांना सगळे दोरेकाका म्हणत. एकेका शब्दाची चिठ्ठी लिहायची आणि एका मुळातून आलेल्या चिठ्ठ्या एका रंगाच्या दोऱ्यात बांधायच्या, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. युरोपातल्या पाच भाषा ते वाचत. बोलता मात्र एकही येत नसे.

निवृत्तीला चार दिवस उरले असताना ते बूट दुरुस्तीला घेऊन गेले. बूटवाला म्हणाला, "काका, वरून ठीक आहे, पण सोल गेलाय."

काका थबकले. बुटाचा सोल इंग्रजीतला. त्याचं मूळ लॅटिनमध्ये, तळ आणि जमीन सांगणाऱ्या शब्दात. मग जमिनीला 'सोल' म्हणणारा फ्रेंच शब्दही त्याच घरचा! आणि तो तर त्यांनी नोकरीच्या पहिल्याच वर्षी लाल दोऱ्यात बांधला होता, स्पॅनिश आणि स्वीडिश 'सोल'शेजारी. ते दोघे म्हणजे सूर्य, आपल्याही सूर्याचे दूरचे भाऊबंद. जमिनीचा त्यांच्याशी काही संबंध नव्हता.

एका पायात बूट, दुसऱ्यात बूटवाल्याची चप्पल, असे ते कचेरीत शिरले. संपादकबाई म्हणजे त्यांची बायको. पण इथे ते त्यांना बाईच म्हणत.

"बाई, पान थांबवा."

"आत्ता? अहो, छापखान्याचा माणूस खाली उभा आहे. आणि पायात हे काय?"

"आपल्या कोशात फ्रेंचांची फरशी सूर्यापासून निघालीय. पाय भाजतील हो त्यांचे."

"पुढच्या आवृत्तीत बघू. जाता जाता कशाला नाक कापून घेता?"

"छापलं गेलं तर घरी बसून मला तेच आठवत राहील. मग तुझ्याच डोक्याला ताप."

बाईंनी खण उघडला. प्रत्येक चिठ्ठीवर दोन सह्या असत, लिहिणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची. दुसरी सही बाईंचीच होती. तेव्हा लग्न व्हायचं होतं.

"तपासलं नव्हतंत वाटतं?"

"चिठ्ठीकडे कोण बघत होतं," बाई पुटपुटल्या आणि त्यांनी खाली फोन लावला. "ते पान थांबवून ठेवा."

दोरा कागदात रुतला होता. गाठ काकांनी दातांनी सोडवली, फ्रेंच चिठ्ठीवरचं मूळ दुरुस्त केलं, ती इंग्रजीबरोबर हिरव्या दोऱ्यात बांधली आणि सही करून पुढे सरकवली. बाईंनी चष्मा लावून ती दोनदा वाचली, मग सही केली.

"झालं समाधान? आता जा, तो दुसरा बूट घेऊन या."