दहा भाषा आणि एक शर्ट

आमच्या घराण्यात यहूदी माणूस कुणी पाहिलेला नाही. नांदेडात तो कुठून दिसणार? तरी त्या न पाहिलेल्या माणसापायी माझे वडील आणि माझे काका तीसेक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. हे बाहेर कुणाला सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग माझ्याकडेच जरा काळजीनं बघतात.

आम्ही ख्रिस्ती. अप्पा आणि काका दोघंही शाळामास्तर, आणि रविवारी आमच्या छोट्या मंडळीत आळीपाळीनं उपदेश करायचे. अप्पांचं एक लाडकं भाकीत होतं. एका संदेष्ट्यानं लिहून ठेवलंय, की एक दिवस असा येईल जेव्हा सगळ्या भाषांमधले दहा परराष्ट्रीय एका यहूदी माणसाच्या कपड्याचं टोक धरतील आणि म्हणतील, देव तुमच्याबरोबर आहे असं ऐकलंय, आम्हीबी तुमच्यासंगं येतो. परराष्ट्रीय म्हणजे यहूदी नसलेले सगळे. म्हणजे आम्ही, शेजारीपाजारी आणि अख्खं नांदेड. अप्पा म्हणायचे, हे घडणार, खऱ्या माणसाच्या खऱ्या कपड्याला धरून घडणार. काका म्हणायचे, ते कधीच घडून गेलं. वधस्तंभावर यहूदी आणि इतर यांच्यामधली भिंत पडली, दोघांचं एक झालं, आता यहूदी हुडकत फिरणं हा खुळेपणा आहे.

एका रविवारी मटणाच्या पंगतीत हा वाद इतका पेटला की ताटं तशीच राहिली. पुढच्या आठवड्यात काकांनी अंगणाच्या मधोमध पत्रे ठोकून घेतले. भिंत पडली म्हणणाऱ्यानंच. मंडळीही फुटली, निम्मी यांच्याकडं, निम्मी त्यांच्याकडं. सगळ्या जगाची एकी कशी होणार यावरून आमची भाऊबंदकी झाली.

मी लातूरला एका क्लासमध्ये इंग्रजी शिकवते. लग्न झालं नाही, त्यामुळे रिकामटेकडी समजून निरोप पोचवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. अप्पांचा फोन यायचा, "बाई, त्याला सांग, त्याच्या मोरीचं पाणी माझ्या दारात येऊन राहिलं." मग मी लातूरहून काकांना फोन लावायचा. काकांनी ते पत्र्याआडून आधीच ऐकलेलं असायचं, पण माझा फोन येईपर्यंत ते मोरीला हात लावत नसत. "सांग त्याला, बघतो," म्हणायचे. हे ऐकून पत्र्याच्या पलीकडं अप्पा समाधानानं खाकरायचे, ते मला फोनात ऐकू यायचं. दोन्ही म्हाताऱ्यांना धरून एकमेकांवर आपटावं असं मला कितीदा वाटलं.

गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की अप्पांचं हृदय आता थकलंय, फार भरवसा ठेवू नका. मला तेव्हापासून एकच पाहिजे होतं. हे दोघं एकदा तोंडानं बोलावेत. मधे फोन नको, मी नको. अप्पा गेल्यावर काका पत्र्याशी बोलत बसतील, याची मला भीती वाटायची.

अप्पांना मात्र दुसरंच पाहिजे होतं. लातूरच्या कृषी प्रदर्शनात ठिबक सिंचन शिकवायला इस्राईलचा तज्ज्ञ येणार, असं त्यांनी पेपरात वाचलं. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. मी फोनवर साफ नाही म्हणाले. म्हटलं, अप्पा, तो पाइपा दाखवायला येतोय, त्याला शर्ट धरून छळू नका. अप्पा म्हणाले, "बाई, मी मेल्यावर तो आला तर मला काय उपयोग?" मी क्लासमध्ये दोन दिवसांची रजा टाकली.

दहा भाषा जमवायला नांदेडइतकं सोयीचं गाव नाही. ट्रान्सपोर्टवाले सरदारजी एका पायावर तयार झाले, क्रूझर त्यांनीच दिली आणि चालवायला उर्दू बोलणारा ड्रायव्हरही. देगलूरचा तेलुगू गवंडी मिळाला, टायरच्या दुकानातला मल्याळी मिळाला, दागिने घडवणारा बंगाली मिळाला. तांड्यावरच्या लमाणी बोलणाऱ्या दूधवाल्याला ठिबकचा भाव विचारायचा होता, म्हणून तो आला. कापडवाल्या मारवाडी आजोबांनी फक्त जेवण शाकाहारी आहे ना एवढं विचारलं. हॉटेलातल्या कानडी आचाऱ्यानं हळूच विचारलं, की यात धर्मबिर्म बदलायचं काही न्हाई ना? अप्पा म्हणाले, "तुमचा धर्म तुमच्याजवळ ऱ्हाऊ द्या. मला तुमचा निस्ता हात पायजे."

निघायच्या दिवशी नेपाळी वॉचमन आलाच नाही. त्याची ड्युटी बदलली होती. अप्पा धरून नऊच माणसं झाली. अप्पा उंबऱ्यावर बसले. "नऊ चालत न्हाईत," म्हणाले. क्रूझर हॉर्न वाजवत होती. मी त्यांना न्यायला आदल्या दिवशीच आलेली, माझं डोकं फिरायची वेळ आली होती. मग अप्पा पत्र्याकडं बघत मोठ्यानं म्हणाले, "त्याला विचार."

"काकांना? अप्पा, काका मराठीच बोलतात."

"न्हाई. त्याची भाषा येगळी हाय. इतकी वर्षं मी बोललेलं त्याला कळलं न्हाई, अन् त्यानं बोललेलं मला."

मी अंगणात उभी राहून फोन लावला. पत्र्यापलीकडं रिंग वाजली. काका म्हणाले, "सांग त्याला, येतो. पण साक्षीदार म्हणून. काही व्हनार न्हाई, ते बघाया येतो."

लातूरपर्यंत अप्पा पुढं, काका पार मागच्या सीटवर. मधे सात भाषा. काच लावा, हा अप्पांचा निरोप सरदारजींपासून बंगाल्यापर्यंत हात बदलत काकांपाशी पोचला आणि काकांनी काच लावली.

प्रदर्शनात तो माणूस मांडवातून बाहेर आला, उंच, घामानं भिजलेला, शर्ट पँटच्या बाहेर. भराभरा चालत होता. अप्पा म्हणाले, "धरा." दहाही जणांनी धरलं. काकांनी साक्षीदार म्हणून दोन बोटांनी. तो थबकला. मी इंग्रजीत सांगितलं, की यांना तुमच्यासंगं यायचंय. तो म्हणाला, मी लघवीला चाललोय.

मी भाषांतर केलं. पहिल्यांदा मारवाडी आजोबांनी सोडलं.

आम्ही तिथल्या फिरत्या संडासांसमोर थांबलो. तो हात पुसत बाहेर आला तर दहाच्या दहा जण उभे. बिचारा हसला, म्हणाला, आता सांगा काय ते. अप्पांनी पुन्हा त्याच्या शर्टाचं टोक मुठीत घेतलं. मी त्याला भाकीत सांगितलं, अप्पांचं वय सांगितलं, मंडळी फुटल्याचंही सांगितलं. ऐकता ऐकता त्याचं हसू गेलं. मग तो हळू आवाजात म्हणाला, की मी इस्राईलचाच आहे, पण यहूदी नाही. मी अरब, तोही ख्रिस्ती, आजोबा-पणजोबांपासून. त्या वचनात मी तुमच्याच बाजूला आहे, शर्ट धरणाऱ्यांत.

अप्पांना इंग्रजी येत नाही. शर्टाचं टोक तसंच धरून ते माझ्या तोंडाकडं बघत होते. "काय म्हनला?"

मला सांगवेना. पण काकांना शब्दन् शब्द कळला होता, मला इंग्रजी त्यांनीच शिकवलेलं. इतक्या वर्षांचं भांडण ते उभ्या उभ्या जिंकले होते, आणि ऐकायला नऊ साक्षीदार. आता हे बोलणार आणि अप्पा इथंच खाली बसणार, असं मला वाटलं. काका पुढं आले. माझ्याकडं बघितलंच नाही.

"दादा," ते अप्पांना म्हणाले, "तो म्हनला, चला."

मला तिथं संडासांच्या रांगेसमोर रडू आलं. त्या परक्या माणसाला काय उमगलं कोण जाणे, त्यानं मान हलवली आणि अप्पांना झेपेल अशा चालीनं चहाच्या टपरीकडं निघाला. त्याच्यामागं सगळे.

अप्पा मागं न बघताच म्हणाले, "तू बी येतू ना?"

"धरलंय की," काका म्हणाले. त्यांचा हात अप्पांच्या दंडाखाली होता.