डाव्या कानातला सूर

दातांच्या लॅबमध्ये ती कवळ्या बनवायची, म्हणून बहिणीची मुलं तिला दातमावशी म्हणत. पुढे सगळ्या गल्लीने ते नाव उचललं. पन्नाशी उलटल्यावर या बाईने गिटार घेतली, तीही जॅझ शिकायला.

"गुडघे सांभाळायच्या वयात बोटं कसली झिजवतेस?" बहीण म्हणाली.

गल्लीतल्या गिटारच्या मास्तरांनी तर हातच टेकले. "हे मला येत नाही, मावशी. रेकॉर्ड ऐका, ऐकलेलं तोंडाने गा, मग तारेवर शोधा. यात कान हाच गुरू."

नवरा बेकरीची गाडी चालवायचा. दुपारीच मोकळा होई. त्याने कॉम्प्युटरवर एक सॉफ्टवेअर टाकून दिलं. त्यात गाण्याचा घासाएवढा तुकडा कापता येई, तो पुन्हा पुन्हा वाजवता येई, सूर न बदलता वेग निम्मा करता येई. गोगलगायीच्या चालीने निघालेल्या त्या वादकाच्या मागे मावशी एकेक सूर वेचत जाई. पाठ झालं की वेग थोडा वाढवायचा. वर्षभरात तिला अख्ख्या दोन चाली यायला लागल्या, आणि लॅबमध्ये मोटरवर कवळीचे दात घासताना ती गुणगुणायलाही लागली.

तिसरी चाल जुन्या रेकॉर्डवरची होती. त्यात गिटार फक्त डाव्या कानात वाजे, बाकीची वाद्यं उजव्या. एका ओळीच्या शेवटी वादक तार न दाबता तिला नुसतं बोट टेकवून काचेसारखा बारीक सूर काढतो, असं मास्तरांनी सांगितलं होतं. मावशीला तिथे काहीच ऐकू येईना. आवाज वाढवला, वेग आणखी कमी केला. पडद्यावर आवाजाची रेघ त्या जागी चांगली फुगलेली दिसत होती. कानात मात्र त्या सुराचा पत्ता नव्हता.

"अहो, इकडे या जरा. या सॉफ्टवेअरने शेवटचा सूर खाल्लाय बहुतेक."

नवऱ्याने हेडफोन लावला. "आहे की. चांगला खणखणीत आहे."

"हो का? मग माझंच लक्ष नसेल," ती म्हणाली.

तो चहा ठेवायला गेल्यावर तिने हेडफोन उलटा घातला. सूर उजव्या कानात लख्ख उमटला. पुन्हा सरळ घातला, गायब.

त्या दिवसापासून भीती तिच्या मानगुटीवर बसली. येताजाता ती कान तपासू लागली. डाव्या कानाशी चमचा वाजव, बोटं चोळ, उजव्यात बोट घालून नळाची धार ऐक. कधी वाटे, येतंय ऐकू, उगाच घाबरले. लगेच वाटे, आज कालच्यापेक्षा कमी आहे. बहिणीचा फोन ती उजव्या कानाला लावू लागली. नवऱ्याला मात्र तिने काही सांगितलं नाही. सांगितलं की ते खरं होईल, असं काहीतरी तिच्या मनाने घेतलं होतं.

शेवटी एकटीच कानाच्या डॉक्टरांकडे गेली. तपासणीची खोली कपाटाएवढी. काचेपलीकडे एक मुलगी बसलेली. आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. उजवा कान झाला. डाव्याला सुरुवातीचे जाड आवाज आले, मग ते बारीक होत गेले तसं काहीच येईना. ती अंदाजाने बटण दाबत सुटली.

मुलगी दार उघडून आत आली. "मावशी, आत्ता मी काहीच वाजवलं नव्हतं."

"मला नापास करू नकोस गं," दातमावशी म्हणाली.

डॉक्टर म्हणाले, एकाच कानाचं आहे, तेव्हा आत गाठ नाही ना, ते बघायला हवं. स्कॅन करून घ्या. गाठ हा शब्द ऐकला आणि पुढचं तिने ऐकलंच नाही. घरी येऊन ती चपलांसकट खुर्चीत बसून राहिली, तेव्हा नवऱ्याला सगळं सांगावंच लागलं.

त्याने तिच्या चपला काढून बाजूला ठेवल्या. मग म्हणाला, "त्या दिवशी तू हेडफोन उलटा घातलेला मी बघितला होता. विचारायची हिंमत झाली नाही."

म्हणजे दोघंही एकाच घरात वेगवेगळे घाबरत होते. रिपोर्ट येईपर्यंत मग एकत्र घाबरले. जेवण कुणालाच जाईना. गिटार पिशवीतच राहिली.

गाठ निघाली नाही. दात घासायची मोटर डाव्या बाजूला आणि मान त्या बाजूला झुकलेली, अशी तिची उमेदीची सारी वर्षं गेली होती. त्या किरकिरीने कान झिजला असणार, असं डॉक्टर म्हणाले. गेलेलं परत येणार नाही. उरलेलं जपा. मावशीने मोटरची जागा बदलून घेतली आणि कानात बोळे घालून काम करू लागली.

भीती काही गेली नाही. उद्या उजवाही गेला तर? याच विचाराने एका दुपारी ती कॉम्प्युटरसमोर बसली. उजव्या कानात बोळा घातला, डाव्यावर हेडफोन. सॉफ्टवेअरमध्ये आवाजाची पट्टी उतरवायचीही सोय होती. आजवर त्या सोयीची गरज पडली नव्हती. तिने ती ओळ अख्खं सप्तक खाली आणली. गिटार घोगरी झाली, सर्दी झालेल्या माणसासारखी. आणि ओळीच्या टोकाला, जिथे इतके दिवस नुसतं भगदाड होतं, तिथे सूर आला. जाडाभरडा, पण आला.

तिने तो गायला, तारेवर शोधला, मग त्याच्या मूळ जागी वर नेऊन बसवला. तो चारदा फसला.

"आता ऐका आणि खरं सांगा," ती नवऱ्याला म्हणाली.

तिने ओळ वाजवली. तो ऐकत होता, पण बघत होता तिच्या चेहऱ्याकडे.

"मला त्यातलं काय कळतंय," तो म्हणाला, "पण कुठे खड्डा लागला नाही."

मावशी हसली. मग उजव्या कानातला बोळा काढून म्हणाली, "काय म्हणालात? परत सांगा."