‘खरा ठरला’

आमचा पाथरवट अक्षरं कोरायला बसला की शेजारपाजारची माणसं पाय न वाजवता चालायची. हाताखालचा दगड आणि तोंडातला शब्द, दोन्ही तो जपून वापरी. चाळीस वर्षांत त्याचा एक काना वाकडा गेला नाही.

त्याचा दादा पंथापायी तुरुंगात मेला. ‘पंथ सोडला’ अशा कागदावर सही केली की सुटका होती. दादाने केली नाही. मार खाऊन अकराव्या दिवशी गेला. त्याच्याबरोबर धरलेले पंथाचे थोरले त्याआधीच सुटून आले होते. म्हातारा म्हणून सोडलं, म्हणाले. दादाच्या दगडासाठी ओळ त्यांनीच दिली: ‘याच्या मरणाने आमचा पंथ खरा ठरला.’

पाथरवटालाही ती ओळ हवी होती. दादा फुकट गेला नाही, एवढंच त्याला कुठेतरी वाचायचं होतं. गेरूने अक्षरं आखून तो छिन्नीला धार लावू लागला.

तेवढ्यात तुरुंगातला कारकून तिथल्या दाराच्या पाटीचं काम सांगायला आला. ओळ वाचून हसला.

“काय झालं हो?”

“थोरल्यांनी पहिल्याच दिवशी सही केली. बाकीच्यांना कळू देऊ नका, म्हणाले. तुमचा दादा रोज विचारायचा, थोरले टिकून आहेत ना?”

“मग तुम्ही काय सांगितलंत?”

“नोकरी आहे बाबा. काय सांगणार?”

संध्याकाळी थोरले आले.

“अजून नुसतं आखूनच? हात जड झाला वाटतं!”

“एक विचारू? पलीकडच्या वस्तीतला विणकर आपल्या माणसांनी मारला. त्याचाही दगड मीच कोरला. त्यानेही त्याचं मत सोडलं नाही. मग त्यांचाही पंथ खरा?”

“ते हट्टाने मरतात.”

“आणि दादा?”

“श्रद्धेने!”

“आणि तुमची सही?”

थोरल्यांनी आधी दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, “अरे, पंथ चालवायला कुणीतरी जिवंत नको का?”

पाथरवटाने ओलं फडकं घेतलं आणि सगळा गेरू पुसला. तिथेच, त्यांच्यासमोर, नवी ओळ आखली: ‘याने सही केली नाही.’

“हे नको,” थोरले घाईने म्हणाले. “वाचणारा विचारेल, मग कुणी केली?”

“विचारू दे.”

“असला दगड मी प्रार्थनाघरात ठेवणार नाही.”

“नका ठेवू. वहिनीच्या दारात ठेवीन.”

दोन दिवस तो कोरत होता. वहिनी दगड पाहायला आली. अक्षरांवरून बोट फिरवत तिने ओळ वाचली, पुन्हा वाचली. कारकुनाचं बोलणं तोवर तिच्या कानावर गेलं होतं.

“भावजी,” ती म्हणाली, “थोरल्यांनी सही केली हे यांना कळलं असतं, तर यांनीही केली असती का हो? घरी आले असते?”

पाथरवट दगडावर वाकला. खोल गेलेल्या अक्षरांतली भुकटी तो फुंकत राहिला.