रिक्षात चालणारी भाषा

मुलांनो, तुमचा रविवारचा मराठीचा वर्ग बंद करावा का, असं तुमच्या आईने आजीला, म्हणजे मला, विचारलंय. उत्तर देण्याआधी आमच्या दारात रोज येणाऱ्या रिक्षावाल्याबद्दल सांगते.

तो खालच्या मजल्यावरच्या मुलीला इतर मुलांबरोबर इंग्रजी शाळेत नेतो. निपाणीकडचा, घरी कन्नड बोलणारा. मुलीला उशीर झाला की 'बेग बा', म्हणजे लवकर ये, अशी हाक मारतो. पोलिसाशी हिंदीत गोड बोलतो आणि मुलांशी खणखणीत कोल्हापुरीत.

गेल्या महिन्यात शाळेने कळवलं की रिक्षातही मुलांशी इंग्रजीच बोलायचं. त्याने प्रयत्न केला. 'सिट, नो मस्ती' एवढ्यावर त्याचं इंग्रजी संपलं आणि रिक्षा मुकी झाली. मुलांना ते फार दिवस सोसलं नाही. भांडणं पुन्हा मराठीत सुरू झाली.

तेव्हा एरवी शुद्ध बोलणारी त्या मुलीची आई तरातरा फाटकाशी गेली. मी गॅलरीतच होते.

"किती येळा सांगितलंय तुमाला, इंग्लिश बोला म्हणून? जमत नसंल तर दुसरी रिक्षा बघतो आम्ही."

"बघा की," आरसा पुसता पुसता तो म्हणाला. "पण वैनी, ह्ये रागावणं तेवढं इंग्लिशमधी करून दावा. म्हंजे मी बी शिकतो."

तिला हसूच फुटलं. मुलगी तोवर रिक्षात चढून बसली होती.

शाळेचा नियम अजून आहे. रिक्षाही तीच आहे, आणि शाळेच्या गेटपर्यंत मुलं मराठीतच भांडतात. तेव्हा आईला सांगा, तुमचा वर्गही चालू राहू दे.