चार डोळ्यांचं कुत्रं

"थांबा जी, आयकू द्या," असं म्हणून मुकादम हात वर करायचे. मग सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, उभी धरून जमिनीवर हलकेच आपटायचे आणि मान तिरपी करून ऐकत राहायचे. वीसेक मजूर, उत्खननाचे प्रमुख असलेले आमचे सर आणि नकाशे काढणारा मी, सगळे तोवर गप्प उभे. खाली दगड आहे, मुरूम आहे की पोकळ जागा, हे त्यांना आवाजावरून कळायचं. सर आम्हाला परदेशातल्या यंत्रांची वर्णनं ऐकवायचे, पण मुकादमांनी मान डोलवल्याशिवाय कुणाला कुदळ उचलू देत नसत.

तुम्ही नागपूरबाहेरच्या माळावर कधी भटकला असाल, तर मोठमोठ्या दगडांची ती वर्तुळं पाहिली असतील. फार जुन्या काळच्या लोकांनी आपली मेलेली माणसं त्यांच्या पोटात ठेवली. आणीबाणीच्या आदल्या हिवाळ्यात आम्ही तसंच एक वर्तुळ खणत होतो. मुकादमांचा अर्धा जन्म असल्या थडग्यांवर गेलेला, आणि त्यांच्याइतका भित्रा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. रोज सकाळी खड्ड्यात उतरण्याआधी ते काठावर भाकरीचा तुकडा ठेवायचे. "राखणदाराले," म्हणायचे. पोरं हसायची. "हासा गा, हासा. तुमचं भेव गावात राहते, माहं अथीच राहते."

मी तरी कुठला शूर! नागपूरच्या महाल भागातल्या एका बोळात लहानपणी कुत्रं मागे लागलं होतं, तेव्हापासून शेपूट दिसली की मी रस्ता बदलतो. हे गुपित मुकादमांनी पहिल्याच आठवड्यात ओळखलं. कुठलंही कुत्रं तंबूकडे वळलं की हातातलं काम टाकून माझ्या टेबलापुढे येऊन उभे राहायचे. "नक्शा काढा बाबू. मी आहो न." एका भित्र्याने दुसऱ्या भित्र्याची राखण करायची, असा आमचा कारभार होता.

जानेवारीत एका सकाळी ब्रशने माती झाडता झाडता त्यांनी एकदम हात मागे घेतला. माणसाच्या सांगाड्याच्या पायाशी अंग मुडपून एक लहान सांगाडा पडला होता. तोंड धन्याकडे. मानेच्या हाडांभोवती तांब्याचं हिरवं पडलेलं कडं. मालकाबरोबर पुरलेलं कुत्रं!

सरांना आनंद मावेना. खड्ड्याच्या काठावर बसून त्यांनी मजुरांना तासभर गोष्टी सांगितल्या. डोंगरातल्या गुहांत शिकाऱ्यांसोबत रंगवलेली कुत्री, वीरगळावर धन्याच्या पायाशी कोरलेलं कुत्रं, आणि मेलेल्यांच्या वाटेवर बसणारी यमाची दोन कुत्री, चार-चार डोळ्यांची. "चार डोळे म्हणजे काय, तर भुवयांवर पिवळे ठिपके असतील," सर म्हणाले.

मुकादमांचा चेहरा पार उतरला. "आमच्या इकडंबी तसंच म्हणतेत जी. दोन डोळे जित्याईले पाहाले, दोन मेलेल्याईले." मग हात जोडून म्हणाले, "सर, हा राखणदार आहे, याले अथीच राहू द्या. धन्यापासून काहून तोडता?"

सर हसले. विद्वान माणूस, पण वाईट नव्हता. त्यांना ती हाडं नागपूरला न्यायचीच होती. शेवटी ती मुकादमांनीच उचलली, कारण त्यांच्याइतका हलका हात कुणाचाच नव्हता. कापसात गुंडाळून एकेक हाड त्यांनी खोक्यात ठेवलं. दुसऱ्या कुणाकडे त्यांनी खोकं दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी मातीच्या ढिगावर एक काळं कुत्रं येऊन बसलं. त्याच्या दोन्ही डोळ्यांवर पिवळे ठिपके होते.

मी खड्ड्यात बसून शेवटचा कोपरा मोजत होतो. वर पाहिलं तर ते माझ्याकडे बघत होतं आणि त्याच्या जबड्यातून लाळ लोंबत होती. हातातला टेप तसाच धरून मी भिंतीला चिकटलो. ते उडी मारून आलं की घसरून पडलं, मला आजही सांगता येणार नाही. पोटरीत दात रुतले तेवढं कळलं. पुढच्याच क्षणी मुकादम खड्ड्यात होते. हाताला दुपट्टा गुंडाळून त्यांनी त्याची मान धरली, ओढलं आणि वर भिरकावलं. "गेलं बाबू, गेलं थे," म्हणत मला पाठीशी घेऊन उभे राहिले. ते माझ्याहून जास्त कापत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका मजुराने बातमी आणली की कुत्रं नाल्यात मरून पडलंय, जबडा लोंबलेला. पिसाळलेलं कुत्रं चावलं की पोटात चौदा सुया, हे त्या काळी शाळेतल्या मुलालाही ठाऊक होतं. मरणाची भीती होतीच, पण मरण लांब वाटत होतं आणि सुई जवळ. मी सरांना काही बोललो नाही.

मुकादम संध्याकाळी जवळ येऊन बसले. "सुया नोका घेऊ. सात विहिरीत वाकून पाहा, इख उतरते. आमच्यात सारे तसंच करतेत."

मी कॉलेज शिकलेला माणूस. तरी खोटं कशाला बोलू, मला इतकं हायसं वाटलं की त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं. सकाळी आम्ही निघालो. गावातल्या दोन विहिरी, संत्र्यांच्या बागेतली एक, मग एसटीने शहराच्या वेशीपर्यंत येऊन आणखी तीन. प्रत्येक विहिरीत आधी मी वाकायचो, मागून ते. ते माझ्याहून जास्त वेळ वाकून राहायचे. मला सोबत म्हणून करताहेत, असं मला वाटलं.

"सातवी शहरात, धंतोलीत आहे," ते म्हणाले. आणि होती. एका दवाखान्याच्या मागच्या अंगणात, वर जाळी टाकलेली. मी वाकून सरळ झालो तसं त्यांनी माझं कोपर घट्ट धरलं आणि मागच्या दाराने थेट आत नेलं.

"डॉक्टरसाहेब, यायले पिसाळलेलं कुत्रं चावलं. टोचा."

मी त्यांना नको नको ते बोललो. ते हसत होते. त्यांना इतकं मोकळं हसताना मी तेवढंच पाहिलं. डॉक्टरांनी सुई भरता भरता विचारलं, "आणखी कुणाला दात लागला का?" मुकादम दुपट्ट्यात हात गुंडाळून उभे होते. "नाही जी. मी तथीच होतो न," ते म्हणाले.

चौदा दिवस ते मला रोज एसटीने घेऊन आले. मी आत ओरडायचो आणि ते बाहेरच्या बाकावर बसून राहायचे. आठव्या की नवव्या दिवशी त्यांच्या मनगटावर चिंधी दिसली. विचारलं तर म्हणाले, तार लागली. मी लगेच विश्वास ठेवला. माझं सारं ध्यान माझ्या पोटावर होतं.

मार्चमध्ये काम संपलं. पाऊस लागायच्या आधी त्यांच्या गावचा एक मजूर ऑफिसात आला आणि म्हणाला, मुकादम पाणी पित नाहीत. पेला पाहिला की किंचाळतात, अंगाला वारा लागला तरी किंचाळतात. मी खुर्चीतून उठलो तेव्हा सगळं मला एका दमात कळलं होतं. ती चिंधी, तो दुपट्टा, ते बाकावर बसणं. औषध भिंतीपलीकडे होतं आणि चौदा दिवस तो माणूस माझ्यासाठी बाहेर बसला होता.

मुकादमांच्या घरी गेलो तेव्हा अंगणात त्यांची बायको होती. मी तिला फक्त "काहून?" एवढंच विचारू शकलो.

"म्हणे, बाबूले साधं कुत्रं चावलं. त्यायनं तं हाडं कागदावरच काढले होते," ती म्हणाली. "हाडं म्या उचलले, मले राखणदार चावला. सुईनं थे उतरत नाही म्हणे. विहिरीनं उतरलं तं उतरलं."

खोलीचं दार अर्धं लोटलेलं होतं. आत अंधारात कुणीतरी धाप टाकत होतं. मी उंबऱ्यापाशी गेलो आणि थांबलो. तुम्हाला काय सांगू, मी भ्यालो. ज्याने खड्ड्यात उडी घातली होती, त्याच्या दारात मी भिऊन उभा राहिलो.

"कोण, बाबू का?" घोगरा आवाज आला. "आत नोका येऊ. दुरूनच बोला."

मी उंबऱ्याबाहेरच खाली बसलो.

"चौदाई सुया झाल्या होत्या न?"

"हो जी, झाल्या."

"मंग तुमाले भेव नाही," ते म्हणाले. तेवढ्यात अंगणातून वाऱ्याची झुळूक आत गेली, तसे ते असे ओरडले की बायकोने धावत येऊन दार ओढून घेतलं, आणि मी बाहेर राहिलो.