दिवसाढवळ्या पेटवलेला कंदील

कुजलेल्या मुळ्यासारखा तो वास मी आयुष्यात एकाच आठवड्यात घेतला. पण आजही बंद खोलीचे दार कुणी उघडले की मी आधी श्वास रोखतो. नोकरीत असताना हे प्रकरण मी अनेकांना सांगितले. डोंगरकडा नावाच्या गावी पोहोचून माणसे कशी वाचवली, ते सांगायचो आणि थांबायचो. त्याच्या आधीचे पाच दिवस मी गाळत आलो. ते आता लिहितो. नाव कुणाचेही घेत नाही. चूक कुणाची, ते मात्र लिहिणार आहे.

महायुद्धाचे दिवस होते. राज्य निजामाचे, आणि हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला तालुका. मी हिंगोलीच्या ठाण्यात अमीन होतो, म्हणजे आजच्या भाषेत फौजदार. दप्तर सगळे उर्दूत. सरकार शेतकऱ्यांकडून लेव्हीची, म्हणजे सक्तीने द्यायची, ज्वारी वसूल करत होते. शहरातली गोदामे भरली तेव्हा गल्ला खात्याने, म्हणजे सरकारी धान्य खात्याने, खेड्यांतली पेवे ताब्यात घेतली. पेव म्हणजे जमिनीत खणलेली धान्याची कोठी. वर एक माणूस उतरेल एवढेच तोंड, खाली पोट मोठे.

गोरेगावच्या बाजूला एका खेड्यात असेच एक पेव होते. ज्वारीला सोंडे किडे लागले म्हणून हैदराबादहून औषधाचे डबे आले. खात्याच्या शिपायाने ते पातळ औषध पेवात ओतले, तोंडावर शिळा ठेवली आणि चिखलाने लिंपून टाकली. आठ दिवसांनी धान्य काढायचे ठरले. पेवात उतरायला गावातला नेहमीचा माणूस बोलावला. पन्नाशीचा, काटक, जन्मभर हेच काम केलेला. गावात त्याला सगळे मामा म्हणत. मीही तेच म्हणतो. मामाने शिळा सरकवली, कंदील पेटवला आणि दोरीला बांधून पेवात सोडला. क्षणात तोंडातून ज्वाळेचा लोट वर आला. तोंडाशी वाकलेला एक हमाल दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मेला. मामाचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

वर्दी दिली ती गल्ला खात्याच्या कारकुनाने. वर्दीबरोबर त्याने एक खबरही दिली, माझ्या टेबलावर वाकून, हळू आवाजात. "साहेब, भर दुपारी पेटता कंदील घेऊन कोण येतं? लेव्हीवरून हा माणूस आठवडाभर बडबडत होता. सरकारी गल्ला जाळायलाच आला होता तो."

मी औरंगाबादच्या पेठेत वाढलेला. पेव पाहिले तेच त्या दिवशी, पहिल्यांदा. खबर मला पटली. खबर देणारा स्वतः कशापासून लांब सरकतो आहे, हे आधी पाहावे, एवढी अक्कल तेव्हा नव्हती.

पंचनामा मी स्वतः केला, पेवाच्या तोंडाशी, त्या वासात. जप्त माल: फुटका कंदील एक, दोर एक, औषधाचा रिकामा पत्र्याचा डबा एक. डब्यापुढे मी उर्दूत लिहिले, 'लाल अक्षरांत इंग्रजी मजकूर आहे.' मला इंग्रजी येत नव्हते. मजकूर आहे अशी नोंद केली, म्हणजे काम झाले असे मी समजलो. डब्याला चिठ्ठी बांधली, लाखेची मोहर लावली आणि तो मालखान्यात ठेवला.

मग मामाला ठाण्यात आणून कोठडीत घातले आणि चौकशी सुरू झाली.

"दिवसा कंदील कशाला?"

"हवा पाहाया, सायब."

"हवा कंदिलानं दिसते?"

"दिवा इझला तर माणूस बी इझतो. दिवा तेवला, तर उतरायचं. माह्या बापानं असंच शिकवलं."

"आणि गल्ल्याला आग लावायला कुणी शिकवलं?"

माझ्या हाताखालचा जमादार हसला. मीही हसलो. मामाने पट्ट्या बांधलेले हात पुढे केले. "सायब, आग लावाया आलो असतो, तर तोंडाशी उभा ऱ्हायलो असतो काय? माहे हात पाहा की."

उत्तर नव्हते म्हणून मला राग आला.

दोन दिवस तो तेच सांगत राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी जमादाराला खूण केली. तळपायांवर वेत बसले. हात भाजलेले आहेत म्हणून तळपाय, एवढा विचार आम्ही केला होता. दुपारपर्यंत मामाने "लावली" म्हटले. हातांना पट्ट्या होत्या, त्यामुळे अंगठा उठेना. पट्टी सोडून, सोललेल्या कातडीला शाई लावून मी ठसा घेतला. खाली लिहिले, 'जबाब राजीखुशीने दिला.' संध्याकाळी परभणीला मोहतमीम साहेबांकडे, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीस प्रमुखांकडे, गुन्हा उघडकीस आल्याचा कागद पाठवला.

मामाची बायको हिंगोलीत बहिणीकडे उतरली होती. रोज सकाळी भाकरी घेऊन यायची आणि ठाण्याच्या ओट्यावर बसून राहायची. पाचव्या दिवशी मालखान्याची तपासणी होती. आठवड्यातून एकदा सगळा जप्त माल बाहेर काढून चिठ्ठ्या ताडून पाहायचा, असा शिरस्ता. माल ओट्यावर मांडला होता. बाई उठून जवळ आली.

"ह्योच का त्यो औषधाचा डबा?"

"हो."

"ह्याच्यावर लाल लाल काय लिवलंय?"

"इंग्रजी आहे."

"ते असंल. काय लिवलंय?"

"मला येत नाही वाचता."

"मंग वाचून घेतलं काहून न्हाई? मला येत न्हाई, म्या अडाणी. तुमी बी अडाणीच का, सायब?"

जमादार ओरडला, "ए बाई, तोंड सांभाळ."

"तोंड सांभाळून पाच दिस झाले, जमादार. माहा माणूस आत हाय."

दोन शिपाई माझ्याकडे बघत होते. खरे सांगायचे तर मी डबा उचलला तो न्यायासाठी नाही. त्या दोघांसमोर अडाणी ठरलो म्हणून उचलला.

सरकारी दवाखान्याचे डॉक्टर हैदराबादचे होते. त्यांनी डब्यावरच्या दोन ओळी वाचल्या आणि पहिली गोष्ट केली ती ही, की टेबलावर जळत असलेला स्पिरिटचा दिवा फुंकून विझवला. मग म्हणाले, "अमीनसाहब, ये कितने दिन से आपके पास है?"

त्यांनी अर्थ सांगितला. या औषधाची वाफ हवेपेक्षा जड असते, खोलगट जागेत साचून राहते. दिव्यानेच काय, तापलेल्या लोखंडानेही पेट घेते. कोणताही विस्तव जवळ आणू नये. बाकीच्या सूचना सोबतच्या कागदात पाहाव्या.

मी तसाच गल्ला खात्याच्या गोदामात गेलो. कारकुनाला विचारले, "सोबतचा कागद कुठे आहे?"

"इंग्रजी कागद होता, साहेब. शिरस्त्याप्रमाणे उर्दूत तर्जुमा करायला परभणीला पाठवला. तर्जुमा अजून आला नाही."

"आणि डबे?"

"डबे ताबडतोब वाटावेत असा हुकूम होता." वर तो म्हणाला, "हुकूम उर्दूत होता."

"आणखी कुठे गेले डबे?"

"डोंगरकड्याला. तिथं दोन पेवं आहेत. या आठवड्यात उघडायची होती."

कोपऱ्यात एक न फोडलेले खोके होते. ते मी तिथेच फोडायला लावले. डब्यांभोवतीच्या गवतात तोच छापील कागद घडी घालून ठेवलेला होता. मी तो दवाखान्यात नेला. डॉक्टरांनी ओळीओळीने अर्थ सांगितला, मी मराठीत उतरवून घेतला. पेव उघडल्यावर दोन दिवस तोंड मोकळे ठेवावे, वारा जाऊ द्यावा, तोवर कुणी उतरू नये, विस्तव तर नाहीच. एवढीच माहिती, एका पानाची. तिच्यासाठी मला पाच दिवस लागले होते, आणि ती सगळा वेळ माझ्या ठाण्यापासून हाकेच्या अंतरावर पडून होती.

एका व्यापाऱ्याची मालमोटार मिळाली. कळमनुरीच्या पुढे रस्ता फार वाईट. वाटेत जमादार म्हणाला, "साहेब, दिवा सोडायची चाल आमच्याकडंबी हाय. पेवात अगुदर दिवाच सोडतेत."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस?"

"तुमी मला कुठं इचारलं?"

ज्या ठाण्यात अमीन फक्त उत्तरे मागतो, तिथे जमादार हसण्यापुरताच तोंड उघडतो. ते ठाणे मीच तसे केले होते.

डोंगरकड्याला पोहोचलो तेव्हा दुपार टळत होती. गावाबाहेरच्या पेवाचे तोंड नुकतेच उघडले होते. तोच वास. एक माणूस गुडघ्यावर बसून कंदिलाला दोर बांधत होता. मी मोटार थांबायच्या आत उडी टाकली, धावत जाऊन त्याच्या हातातला कंदील हिसकला आणि लांब नेऊन मातीत विझवला.

तो चिडला. "दिवा न सोडता उतरू काय? मराया? सरकारला काय, गल्ला मिळाल्याशी मतलब!"

मी कागद वाचून दाखवला. कुणाला पटले नाही. दिव्यानेच माणूस मरतो, हे त्यांच्या बापजाद्यांच्या विरुद्ध होते. शेवटी मी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि मामाचे हात कुठपर्यंत भाजले ते माझ्या हातावर दाखवले. तेव्हा कंदीलवाल्याने दोर गुंडाळून बाजूला ठेवला. एक म्हातारा म्हणाला, "दोन दिस उघडं ठिऊ. मंग दिव्याच्या जागी टोपल्यात कोंबडं सोडू. जितं वर आलं तर उतरू." एकजण म्हणाला, "कोंबडं कोणाचं?" आणि लोक हसले. मीही सुटल्यासारखा हसलो. अनेक वर्षे ही गोष्ट मी इथेच संपवत आलो.

हसणे थांबल्यावर तोच म्हातारा म्हणाला, "परवा दिशी आला असता तर बरं झालं असतं, सायब. थोरल्या पेवानं एक माणूस खाल्ला. घाईत दिवा न सोडताच उतरला, जिता वर आलाच न्हाई."

"वर्दी का दिली नाही?"

"पेवात माणूस जाणं नवं हाय का?"

परवा कधी, मी विचारले. दुपारी, म्हणाला, जेवणाच्या वेळेला. त्याच वेळेला मी हिंगोलीत मामाच्या भाजलेल्या अंगठ्याला शाई लावत होतो. डबा तेव्हा दोन दिवस माझ्या मालखान्यात होता, माझ्याच हातच्या मोहरेखाली.

परत आल्यावर मी मामाला कोठडीतून काढून दवाखान्यात पोहोचवले आणि दोन्ही मृत्यूंचा, डब्याचा आणि कागदाचा अहवाल लिहिला. मोहतमीम साहेबांनी तो वाचून परत केला. खात्याने सूचनेशिवाय डबे वाटले, हे कागदावर येणे बराबर नाही, म्हणाले. मी नवा अहवाल लिहिला. दोन्ही मृत्यू कामगारांच्या हलगर्जीपणाने. आरोपी पुराव्याअभावी मुक्त. जबाब फाईलमध्ये तसाच राहिला. मला कुणी धमकावले नव्हते. बढतीचा हुकूम निघायचा होता, एवढेच.

एक गोष्ट मी माझ्या हिमतीवर केली. मराठी सूचनेच्या नकला हाताने काढून घेतल्या आणि पेव असलेल्या गावांत शिपायांकरवी दवंडीने सांगायला लावल्या. माझ्या हद्दीत पुन्हा पेव पेटले नाही. पण ज्याला पुराव्याअभावी सोडतात, त्याला गाव सोडत नाही. मामाला लोक 'पेवजाळ्या' म्हणू लागले. मेलेल्या हमालाच्या घरचे त्याच्या सावलीला उभे राहत नसत. पेव उघडायला त्याला पुन्हा कुणी बोलावले नाही. तो कधीचाच वारला होता, हे मला फार उशिरा कळले.

या प्रकरणाने मला शिकवले ते असे. घातक वस्तू माणसाच्या हातात देण्याआधी तिच्याबद्दलची माहिती त्याच्या कानात पडली पाहिजे, त्याला समजणाऱ्या बोलीत. कागद खोक्यात असणे, दप्तरात असणे, पंचनाम्यात त्याची नोंद असणे, यातले काहीही म्हणजे माहिती देणे नव्हे. आणि पोलिसासाठी वेगळे: आरोपीचे काम काय, ते तो कसे करतो, हे त्याच्याच धंद्यातल्या माणसाला विचारल्याशिवाय त्याला खोटा म्हणू नये.

हे एवढे लिहून झाल्यावर मी ते घेऊन त्या खेड्यात गेलो. मामाची बायको अजून आहे. फार थकली आहे, पण आवाज तोच. मी तिला म्हणालो, "सगळं खरं लिहिलं आहे. छापून येईल."

"छापून आलेलं आमच्या गावात कोण वाचतं, सायब? ज्यायनं नावं ठेवली, त्यायचे लेकरं हायेत इथंच. त्यायला सांगा."

तिने नातवाला पाठवून माणसे गोळा केली. ग्रामपंचायतीसमोर तीस-चाळीस लोक जमले. तिला खुर्ची दिली होती, पण ती माझ्या शेजारी उभी राहिली. मी सांगायला लागलो. मामाने आग लावली नव्हती. दिवा हवा पाहण्यासाठी सोडला होता. औषध पेटते हे त्याला कुणी सांगितले नव्हते, आणि ते जिथे लिहिले होते तो डबा माझ्याकडे होता. कबुली मी मारून घेतली. एवढे बोलताना माझा आवाज खाली गेला असावा.

बाईने माझ्या दंडाला हात लावला.

"मोठ्यानं बोला, सायब. मागच्या लोकायला ऐकू येऊन न्हाई राहिलं."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितले.