भावोजींची डुलकी

खरं नाव काय होतं कुणास ठाऊक, अख्खी गल्ली त्याला चेपू म्हणायची. जुन्या कॅसेटींवरची लग्नं-वाढदिवस कॉम्प्युटरवर उतरवून देणं हा त्याचा धंदा, आणि उतरवलेलं चेपून चेपून एवढंसं करणं हा त्याचा नाद. दुकान जिन्याखालचं, एका खिडकीचं. दुपारचं ऊन आत येऊन यंत्रांच्या हिरव्या दिव्यांत मिसळायचं, आणि तिथं बसलेला माणूस जागा आहे की झोपेत, हे त्याचं त्यालाच कळायचं नाही.

हे कसं जमतं रे बाबा, असं कुणी विचारलं की चेपू रंगात यायचा. "मागची भिंत मघाशी होती तीच आता आहे ना? मग दरवेळी कशाला लिहायची? एकदा लिहायची, पुढं नुसतं 'तीच' म्हणायचं. हललं असेल तेवढंच नवं लिहायचं. आणि अगदीच किंचित हललं असेल तर तेही सोडून द्यायचं. कुणाच्या डोळ्याला कळतंय?"

मोठा शहाणा लागून गेला होता.

मग त्याची थोरली बहीण एक कॅसेट घेऊन आली. भावोजी जाऊन वर्ष होत आलं होतं. फोटो घरभर होते, पण हलते भावोजी फक्त या कॅसेटवर, आणि तिथंही काय, तर आरामखुर्चीत डुलकी काढत होते. ताईनं नवाकोरा कॅमेरा स्टुलावर ठेवला होता आणि बंद करायला विसरली होती, एवढंच. चेपूला आनंदच झाला. एक माणूस, एक खुर्ची, एक खिडकी; याच्याइतकं चेपायला सोपं काय असणार? जुन्या फितीची खरखर त्यानं पुसून काढली, चित्र लख्ख केलं, फाईल अशी आवळली की ताईच्या फोनवर चुटकीसरशी गेली. मूळची मोठी फाईल नेहमीप्रमाणे पुसून तो मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी ताई परत आली आणि तिनं फोन त्याच्या पुढ्यात ठेवला.

"चित्र छान आलंय रे," ती म्हणाली. "पण हे श्वास घेत नाहीयेत."

चेपूनं हसत हसतच फाईल लावली. खिडकीचा पडदा वाऱ्यानं हलत होता. भावोजींच्या सदऱ्याची चुणी मात्र जागच्या जागी. छाती वर येईना, खाली जाईना. तेवढंसं हलणं 'तेच' म्हणून सुटून गेलं होतं, आणि मिशीची थरथर खरखरीबरोबर पुसली गेली होती. जित्याजागत्या माणसाचा त्यानं आपल्या हातानं फोटो केला होता.

"परत मोठी नाही करता येत?"

"फाईल मोठी होईल, ताई. पिळलेलं लिंबू भिजवलं तर फुगेल, पण रस कुठून येणार?"

कॅसेट होती, पण फितीला बुरशी लागलेली. मागच्या खेपेलाच ती यंत्रात अडकली होती. आता चालली तर चालली. तुटली तर भावोजी कायमचे असेच राहणार होते.

"लाव," ताई म्हणाली. "काय व्हायचं ते होऊ दे."

त्यानं फीत हलक्या हातानं पुसली. या वेळी काही चेपायचं नाही, काही पुसायचं नाही, असं यंत्राला बजावलं. चित्रभर खरखरीच्या मुंग्या पसरल्या. त्यांच्या धुक्यात भावोजी दिसायला लागले, आणि सदऱ्याची चुणी हळूच वर आली. थांबली. खाली गेली. पुन्हा वर. ताईचा श्वासही त्याच लयीत चालला होता आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. चेपूला रडू आलं, त्यानं ते येऊ दिलं.

फीत शेवटाला पोचली आणि कटकन तुटली.

"आलं सगळं," तो म्हणाला. "पण फाईल अवाढव्य झालीय, तुझ्या फोनात मावायची नाही."

"इथंच ठेव. मी येत जाईन."

त्यानं पहिल्यापासून लावायला हात पुढं केला, तर ताईनं त्याचं मनगट धरलं.

"आत्ता नको," ती अगदी हळू आवाजात म्हणाली. "जागे होतील."